आधी उतरायला शिकवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. सापशिडीत हरली की पट उलटवते. चित्रात एक रेघ चुकली की कागद फाडते. शाळेच्या प्रकल्पाचा तक्ता तुम्ही रात्री जागून पुरा करता, आणि डबा विसरला तर कामावरून उठून रिक्षाने शाळेत पोचवता. तिचे बाबा म्हणतात, "एकदा पडू दे, आपोआप शिकेल." सासूबाई म्हणतात, "एवढंसं लेकरू, आत्तापासून कशाला रडवता?" तुम्ही विचारलंय की तिला अपयश येऊ द्यायचं का, द्यायचं तर किती, आणि त्यात तिचा आत्मविश्वासच खचला तर काय.

मी मानसतज्ज्ञ नाही. साताऱ्यात गेली २६ वर्षं मुलामुलींना मल्लखांब शिकवते, आणि त्यातली १८ वर्षं एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. सहा वर्षांच्या पोरापासून दहावीच्या मुलीपर्यंत रोज संध्याकाळी माझ्यासमोर कुणी ना कुणी पडतं. त्यामुळे पडण्याबद्दल मी जे सांगेन ते मैदानातलं असेल.

पुरलेला मल्लखांब तुम्ही पाहिला असेल. सागाचा किंवा शिसवाचा खांब, जमिनीवर आठ-साडेआठ फूट, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोपडून गुळगुळीत केलेला. नवीन मूल आलं की पालकांना वाटतं, आज हे चढणार. मी पहिला आठवडा गादीवरच ठेवते. हनुवटी छातीला लावायची, गुडघे सैल सोडायचे, पडताना हात मागे टेकवायचे नाहीत, कुशीवर लोळायचं. मग खांबावर अगदी कमरेइतक्या उंचीवर साधी अढी, म्हणजे खांबाभोवती पायांची पकड, मारायची आणि लगेच उतरायचं. पुन्हा अढी, पुन्हा उतरणं. चढण्याचं कौतुक नंतर. हे मी उगाच करत नाही. उतरणं न शिकता उत्साहात वर गेलेलं मूल अर्ध्यावर खांबाला मिठी मारून बसतं आणि ओरडतं, "ताई, धरा!" उंची चारच फूट असते, खाली जाड गादी असते, तरी मिठी सुटत नाही. खाली कसं यायचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून चार फूटही त्याला विहिरीएवढे वाटतात.

सापशिडीचा पट उलटवणारी तुमची मुलगी मला त्या मिठी मारून बसलेल्या पोरासारखी दिसली. हरल्यावर पुढे काय करायचं असतं हे तिला माहीत नाही. आजवर हरण्यानंतरची पायरी तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उतरून दिली आहे. डबा विसरला तर डबा आला. तक्ता राहिला तर तक्ता झाला. माझ्या लेखी तुमचा खरा प्रश्न अपयश द्यावं की देऊ नये हा नाही. अपयश येणारच आहे, चौथीत नाही तर सहावीत. तिला त्यातून खाली उतरता येतं का, आणि ते शिकवायला लागणारा धीर तुमच्या घरातल्या तीन मोठ्या माणसांपाशी आहे का, हे बघायचं आहे.

तिच्या बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी सहकाऱ्यांबरोबर नुकतीच चालू लागलेली बाळं मोजली होती. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ ते १९ महिन्यांची ही मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तुमची मुलगीही त्या वयात अशीच पडली असेल, आणि तुम्ही सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं असेल, "चालायला लागली हो!" ती पडते, असं कुणालाही कळवलं नसेल. त्या वयात पडणं हा चालण्याचाच भाग आहे हे घरात प्रत्येकाला पटलेलं असतं. पुढे कधीतरी, बहुधा शाळेच्या पहिल्या प्रगतिपुस्तकापाशी, आपलं ते पटणं सुटतं.

पण "पडू दे, आपोआप शिकेल" यातलं "आपोआप" मला मान्य नाही. शिक्षणसंशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांमध्ये गणितावर केलेलं काम मला यासाठी आवडतं. त्यांनी मुलांना आधी काहीही न शिकवता अवघड प्रश्न सोडवायला दिले. मुलं धडपडली, बहुतेकांना नेमकं उत्तर आलं नाही. त्यानंतर शिक्षकाने त्यांच्याच अर्धवट प्रयत्नांवरून तो भाग शिकवला. आधी शिकवून मग सराव दिलेल्या वर्गापेक्षा या मुलांना संकल्पना अधिक खोल समजली. यातली नंतर शिकवण्याची पायरी गाळली तर उरतात नुसती अडकलेली मुलं. मी मैदानात हेच पाहिलंय. पडून गेलेली आणि मग कुणीच जवळ न गेलेली मुलं धीट होत नाहीत, ती दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून येत नाहीत.

माझ्या हातून दोन्ही बाजूंच्या चुका झाल्या आहेत. त्या सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथेच.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा होता. अंगाने खारीसारखा चपळ. अढीत उलटं लटकून दोन्ही हात सोडायचे असतात, तेव्हा मी त्याच्या पाठीखाली तळहात धरायची. धरायची म्हणजे नुसता टेकवायची, वजन त्याचं तोच पेलायचा. दोन वर्षं असं चाललं. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझी जागा लांब बाकांवर होती. तो चढला, अढी मारली, उलटा झाला आणि मान वळवून मला शोधायला लागला. हात काही सुटेनात. शेवटी तसाच उतरला. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, तुम्ही नव्हता ना." पहिल्यांदा मला भरून आलं, किती जीव लावलाय पोराने म्हणून. रात्री मात्र झोप लागेना. दोन वर्षांत त्याचा त्याच्या पायाच्या पकडीवर विश्वास बसायला हवा होता, तो बसला होता माझ्या तळहातावर. आणि ते मी माझ्या हाताने केलं होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्याच वर्षी एका मुलीची तयारी झालेली नसताना, आता ही शिकेल म्हणून मी हात काढला. ती पडली, मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळून आलं, आईवडील एका शब्दाने मला बोलले नाहीत, पण ती मुलगी पुन्हा खांबाला शिवली नाही. एकदा आली, दारात उभी राहून बाकीच्यांचा सराव पाहिला आणि गेली. आज कुणी मला "मुलांना पडू द्यावं" असं सरसकट सांगतं तेव्हा ती दारातली मुलगी माझ्या डोळ्यांपुढे येते.

त्यानंतर मी हात काढायची एक पद्धत बसवली. आधी दोन तळहात. मग एक. मग दोन बोटं. मग हात अंगापासून वीतभर दूर, पण तिथेच. मग हाताची घडी घालून शेजारी. मग चार पावलं मागे. मग मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या मुलाकडे लक्ष देत. कुणाला यासाठी आठ दिवस लागतात, कुणाला आठ महिने, आणि मी वयावरून अंदाज बांधणं सोडून दिलं आहे. दोन गोष्टी मात्र मी कधी बदलत नाही. किती उंचीवरून पडायचं हे मी ठरवते. गादी पुरेशी नाही तिथे कुणालाही पडू देत नाही. आणि हात काढताना मुलाला सांगून काढते. सायकल शिकवताना "धरलंय, धरलंय" म्हणत मागून गुपचूप सोडून द्यायची रीत आपल्याकडे फार आहे. मला ती पटत नाही. पडल्याक्षणी मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात, आपण पडलो आणि आपल्याला फसवलं. पहिली ते विसरतं.

त्या चपळ मुलाच्या पाठीवरचा हात निघायला सात महिने लागले. पुढच्या स्पर्धेत तो संचाच्या, म्हणजे ठरलेल्या कसरतींच्या मालिकेच्या, मध्यात घसरून पडला. उठला, गुडघा झटकला, पुन्हा उडी घेऊन खांब धरला आणि राहिलेला संच पुरा केला. गुण कापले गेले, क्रमांक बराच खाली आला. पण या खेपेला त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी मी मनातून किती सुखावले ते सांगता येणार नाही.

आता तुमच्या घराकडे येते. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी डबा घेतला असता. उंची कमी आणि गादी जाड, असं ते काम आहे. नऊ वर्षांचं निरोगी मूल एक मधली सुट्टी डब्याविना काढू शकतं, आणि वर्गात चाळीस डबे असताना खरं तर उपाशी राहतच नाही. (मधुमेह किंवा असं काही औषधपाण्याचं असेल तर अर्थात डबा नको, दुसरं काहीतरी निवडा.) एखाद्या रविवारी शांतपणे सांगा, "उद्यापासून डबा मी भरून ओट्यावर ठेवीन, दप्तरात तू घालायचा. विसरलीस तर मी शाळेत आणून देणार नाही. रागावणारही नाही." दोन्ही वाक्यं बोला, दुसरं तर नक्कीच. वर्गशिक्षिकेला आधी कल्पना द्या. ती विसरेल त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्याआल्या खायला द्या, टोमणा न मारता. पोट भरल्यावर विचारा, "उद्या राहू नये म्हणून काय करूया?" तिने काहीतरी विचित्र उपाय काढला, समजा चपलेत चिठ्ठी ठेवायचं ठरवलं, तरी करू द्या. तुमच्या डोक्यात दहा पट चांगला उपाय असेल. तो ठेवून द्या. चपलेतली चिठ्ठी चालली नाही तर ती स्वतःच दुसरं काहीतरी काढेल, आणि तो दुसरा उपाय ती पाळेल, कारण तो तिचा असेल.

तक्त्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. कागद फाडणं आणि तक्ता तुम्ही करणं या दोन गोष्टी तुम्ही पत्रात वेगवेगळ्या लिहिल्यात. मला त्या एकच वाटतात. आई रात्री जागून करते तो तक्ता भिंतीवर लागतो आणि मी केलेलं चित्र वाकडं असतं, हे मूल रोज बघतं. मग वाकडं चित्र ठेवायचं कशाला? ते फाडण्याजोगंच आहे, असं तिने ठरवलं तर तिचं काय चुकलं? यात शाळांचाही दोष आहे, आणि शिक्षिका म्हणून माझाही होता. आईबाबांच्या हातचे देखणे तक्ते कुठले हे आम्हाला बघताक्षणी कळायचं, तरी प्रदर्शनात पुढे तेच मांडायचो. वेडंवाकडं अक्षर, डिंकाचे डाग, तिरकी चिकटलेली चित्रं असलेला तक्ता मागे राहायचा. तेव्हा तुम्ही वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की यापुढचा प्रकल्प हिच्या हातचा असेल आणि तो तसाच दिसेल. माझा अनुभव असा की बहुतेक शिक्षकांना याने हायसंच वाटतं. तुमचं काम सामान आणून देण्याचं आणि ती विचारेल तेव्हा उत्तर देण्याचं. कात्री तिच्या हातात. एकदम सगळं सोडायचा धीर होत नसेल तर माझ्या तळहातासारखं करा: या वेळी कापणं-चिकटवणं तिचं आणि शीर्षक तुम्ही लिहा, पुढच्या वेळी शीर्षकही तिचं.

चित्राचं म्हणाल तर तिच्या शेजारी बसून तुम्हीही चित्र काढा. तुमची रेघ चुकेल तेव्हा मोठ्याने म्हणा, "अरेच्चा, गाईचं शिंग फारच लांबलं. आता काय करू?" आणि त्या शिंगावर चिमणी बसवून पुढे जा. मुलांना चुकलेल्या रेघेनंतरचा मार्ग दिसायला हवा असतो. आमच्या व्यायामशाळेत प्रत्येकाची एक वही असते, तिच्यात आज काय जमलं नाही ते तारखेसह लिहायचं. गुण नाहीत, शेरा नाही. दुसऱ्या वर्षाची मुलं कधीमधी पहिल्या वर्षाची पानं उघडतात आणि "मला बगलीसुद्धा (बगलेत खांब पकडायची उडी) येत नव्हती?" म्हणून स्वतःच चकित होतात. तुमच्या मुलीची फाडलेली चित्रं टाकू नका. तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा, सहा महिन्यांनी तिला दाखवा.

सापशिडीसाठी एकच युक्ती. नियम करा की जो हरेल त्याने पुढचा डाव मांडायचा. सोंगट्या घरात ठेवायच्या, फासा टाकून सुरुवातही त्यानेच करायची. हरणाऱ्याच्या हाताला लगेच काम मिळतं, आणि डाव संपत नाही, पुढे सरकतो. आमच्याकडे पडलेल्याने गादीवरून उठून खांबाला एकदा हात लावूनच रांगेत परतायचं, असा नियम आहे. त्यामागचा विचार हाच. एका संध्याकाळी निदान तीन डाव खेळा. आणि तिला बरं वाटावं म्हणून मुद्दाम हरू नका. नऊ वर्षांच्या मुलीला ते कळतं. सापशिडीत तर सगळा फाशाचा खेळ, हरण्यात कुणाचीच चूक नसते, म्हणून सवयीसाठी ती चांगली. ते जमायला लागलं की कॅरम घ्या, तिथे हरण्यातून शिकण्यासारखंही काही असतं.

बोलायचं काय, हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मूल पडलं की आधी आपल्या तोंडाकडे बघतं. आपला चेहरा काय सांगतो त्यावर ते ठरवतं की हे केवढं मोठं आहे. म्हणून मी मनात दहा आकडे मोजते, मग विचारते, "लागलं का?" आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर, "कुठे सुटलं?" आमच्या मैदानात हा परवलीचा प्रश्न आहे. म्हणजे पकड नेमकी कुठे सुटली, पायाची, बगलेची, की नजर खाली गेली. "का पडलीस?" असं मी विचारत नाही. "का" विचारलं की मूल आरोपी होतं आणि कारणं सांगायला लागतं, खांब ओला होता, हिने हसवलं. "कुठे" विचारलं की ते आठवायला लागतं. घरी "गणितात एवढे कमी का पडले?" याऐवजी "कुठल्या गणितापाशी अडलं?" असं विचारून बघा, उत्तराचा सूरच वेगळा येईल. "काही नाही झालं, रडू नकोस" हेही टाळा. तिला काहीतरी झालेलं असतं. "रड थोडं, मी इथे बसलेय" एवढं पुरतं. आणि "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य तर घरातून हद्दपारच करा. त्या वाक्याने पडण्यापेक्षा जास्त लागतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमच्या मुलीचं वाचन-लेखन वर्गाच्या मानाने बरंच मागे असेल, अक्षरं उलटी होत असतील, शाळेच्या दिवशी सकाळी नेमकं पोट दुखत असेल, झोप उडाली असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा. अध्ययन अक्षमता असलेलं मूल रोजच अपयशी होत असतं, त्याला आणखी पडू देण्यात कसला धडा? अशा मुलांची रीतसर तपासणी करता येते आणि बोर्डाच्या परीक्षेत त्यांना सवलती मिळतात.

रस्ता, पाणी, वीज, इंटरनेटवरची अनोळखी माणसं, अंगाला नको तसा हात लावणारं कुणी, इथे अनुभवातून शिकू द्यायचं नसतं. तिथे गादी नसते. आणि पुढे ती मोठी झाल्यावर, नववी-दहावीच्या वयात कधी "मला जगायचंच नाही" असं काही बोलली, सहज बोलल्यासारखं बोलली तरी, ते नाटक समजू नका. तिला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

घरच्या परिस्थितीचंही आहे. माझ्याकडे काही वर्षं ऊसतोड मजुरांची मुलं यायची. शाळा अर्ध्यात सुटायची, गाव बदलायचं, वर्षातले चार महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, जायचे. त्यांच्या आयुष्यात पडणं भरपूर होतं, गादीच नव्हती. त्या मुलांच्या पाठीवरचा हात मी खूप उशिरा काढला आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. तुमच्या मुलीचं नेमकं उलट आहे, गाद्यांवर गाद्या आहेत. म्हणून तुम्हाला हात काढायला सांगते आहे.

आणखी एक, मुलगी म्हणून. पालक मुलाला घेऊन येतात तेव्हा म्हणतात, "पडूझडू दे, घट्ट होईल." मुलीला घेऊन येतात तेव्हा म्हणतात, "जरा जपून हं, काही मोडलंबिडलं तर." सव्वीस वर्षांत हे फारसं बदललं नाही, आणि मला याचा खरोखर त्रास होतो. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी दिव्यांग मुलांनाही मल्लखांब शिकवला. ज्यांना सगळ्या जगाने धरूनच ठेवायचं ठरवलं होतं, अशी ही मुलं. तुमची धडधाकट मुलगी रिक्षातून आलेल्या डब्याची वाट बघत बसावी असं तुम्हालाही वाटत नसणार.

वेळेचंही गणित लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवणं बंद झालं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी, त्यातही नाही जमलं तर तोच वर्ग. तुमची मुलगी नापास होईल असं मी म्हणत नाही. पण पाचवीपासून उंची वाढते आहे, आणि कमरेइतक्या उंचीवर उतरायला शिकायला तुमच्या हातात हे चौथीचं उरलेलं वर्ष आहे.

सासूबाईंना या सगळ्यात विरोधी बाजूला उभं करू नका. त्या गादी आहेत, आणि गादीशिवाय हे करताच येत नाही. त्यांना एवढंच सांगा की ती रडली तर जवळ घ्या, हवं तितकं घ्या, पण तिचं काम तिच्या वतीने पुरं करू नका. तिच्या बाबांनाही सांगा की "पडू दे" म्हणणाऱ्याने पडल्यावर तिथे असायला हवं. डबा विसरलेल्या दिवशी संध्याकाळी "उद्या काय करूया?" हे त्यांनीच विचारलं तर फार बरं.

एका वेळी एकच गोष्ट. महिनाभर फक्त डबा, तक्ता नंतर. पहिल्या वेळी तिच्यापेक्षा तुम्हालाच जड जाईल. ओट्यावर राहिलेला डबा दिसेल आणि पाय आपोआप दाराकडे वळतील. मैदानात अशा वेळी मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून उभी राहते, म्हणजे ते माझ्याही नकळत पुढे जात नाहीत. तुम्ही त्या दिवशी तो डबा उचला, कामावर घेऊन जा आणि दुपारी स्वतःच खा. महिन्याभराने कसं चाललंय ते मला नक्की कळवा, आणि चपलेत चिठ्ठी ठेवली की आणखी काही, तेही.